चाळीस करवंट्या

“मग मोजणंच बंद करू का, सर?”

हिमानीने हे तिसऱ्यांदा विचारलं. बुवा वाती वळत होते.

“सर, मी काय विचारतेय?”

“ऐकतोय.” बुवांनी आणखी एक वात वळून ताटलीत ठेवली. “कापूस दमट झालाय बघ. धुक्यानं.”

धुकं होतंच. मार्गशीर्षात खाडीवरून जे धुकं चढतं ते टेकडीवरच्या या मठात शिरतं आणि दहा वाजेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. ओसरीवरून अंगणात उतरलेला माणूस गुडघ्यापासून खाली नाहीसा होतो. तुळशीवृंदावन दिसतं, पण त्याचा चौथरा दिसत नाही. हिमानी रात्रभर बसने येऊन सकाळी इथे उतरली, तेव्हापासून आपण नीट जागे झालोच नाही असं तिला वाटत होतं. त्यात आतल्या सभामंडपातून नामाची गुणगुण. चाळीस माणसं एकदम जप करत होती. शब्द एकही कळत नव्हता, नुसता घुमारा ऐकू येत होता.

पंचक्रोशीत सगळे त्यांना नरहरबुवा म्हणत. हिमानी तेवढी सर म्हणायची. हे बुवा व्हायच्या आधी तिच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि तिला मोजायला शिकवलं ते यांनीच. निवृत्त झाले, बायको गेली, आणि एक दिवस पिशवी उचलून या टेकडीवर आले ते आलेच.

“बंद करू का?” हिमानीने चौथ्यांदा विचारलं.

“कधी सांगायचंय तुला?”

“सोमवारी सकाळी.”

“आज शुक्रवार,” बुवा म्हणाले आणि पुढच्या वातीला लागले.

आता हिची अडचण काय ते सांगतो. रुग्णवाहिकेसाठी जे फोन येतात ते घेऊन जवळची गाडी धाडायची, हे काम करणारा प्रोग्रॅम हिमानी गोडांबेच्या हातचा. त्या एका प्रोग्रॅममध्ये चौसष्ट कामकरी एकाच वेळी राबतात. माणसं नव्हेत हो! संगणकवाले त्यांना थ्रेड म्हणतात. एक थ्रेड हा फोन धरतो, दुसरा तो. गेल्या दिवाळीत काही फोन मधल्या मध्ये हरवले आणि कुणाला पत्ताच लागला नाही. म्हणून हिमानीने मोजणी बसवली. फोन आला, एक. पत्ता सापडला, एक. गाडी निवडली, एक. एका फोनच्या वाटेवर चाळीस ठिकाणी मोजणी, आणि सगळी बेरीज एकाच जागी, एकाच आकड्यात. त्या आकड्याला एका वेळी एकाच थ्रेडने हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं, म्हणजे चूक व्हायला नको. दर क्षणाला बिनचूक आकडा. पडद्यावर तो सरकताना बघत बसलं की हिमानीचा जीव निवायचा. गर्व म्हणा हवं तर. म्हणाच.

आणि मग फोन अडकायला लागले. एरवी नाही, गर्दीच्या वेळी. दोन सेकंद, पाच सेकंद, एकदा तर अकरा. मोजणी बंद केली की सगळं सुरळीत. वरिष्ठांनी स्वच्छ सांगून टाकलं, सोमवारी ती मोजणी काढायची, नाहीतर दुसरा उपाय सांगायचा. पण काढली आणि पुन्हा फोन हरवले, तर कळणार कुणाला? आणि ठेवली, तर कुणाचा तरी श्वास अडकलाय आणि त्याच्या घरचं माणूस फोन कानाला लावून अकरा सेकंद ताटकळतंय. हिमानीला आठ दिवस धड झोप नव्हती.

“सर, काहीतरी बोला ना.”

“जेवून घे,” बुवा म्हणाले. “आज कुळथाचं पिठलं आहे.”

*

संध्याकाळी पाचला जपाची गणती असे.

सात दिवसांत अकरा लाख नाम पुरं करायचं असा मठाचा संकल्प. एका माळेला एकशे आठ. दिवसभरात आपल्या किती माळा झाल्या ते प्रत्येकाने पाचला येऊन सांगायचं, आणि बुवांनी पाटीवर मांडायचं. हिमानी खांबाला टेकून बघत होती.

विसूभाऊ पुढे आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पोट पुढे, माळ मागे.

“माझ्या बेचाळीस असतील, बुवा.”

“असतील?” हिमानीने एकदम विचारलं.

विसूभाऊंनी वळून तिच्याकडे पाहिलं. “चाळीस धरा मग. देवाला दोन सोडल्या.”

त्यांच्यामागे अंबूताई. सत्तरीची बाई, काटकुळी, पण माळ अशी पळवायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. तिने पदराच्या गाठी सोडून मोजायला घेतल्या. मध्येच कुणी तरी हाक मारली. ती ‘आले गं’ म्हणाली आणि परत पहिल्यापासून लागली. कुणी बोटाची पेरं दाखवली. कुणी जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्याच्याच धोतराने पुसल्या होत्या.

बुवांनी पाटीवर आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे लिहिलं, ‘सुमारे’.

हिमानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर! तुम्ही? तुम्ही सुमारे लिहिताय? एकक लिहिलं नाही म्हणून माझा अर्धा मार्क कापला होता तुम्ही!”

“कापला होता खरा.”

“मग हे काय?”

बुवांनी पाटी तिच्याकडे सरकवली.

“उद्या तू मोज,” ते म्हणाले.

*

शनिवारी पहाटे पाचला हिमानीने मोजणी लावली. कोनाड्यात तांब्याची हंडी ठेवली. शेजारी परातीत चिंचोके. नियम एकच. माळ पुरी झाली की उठायचं, कोनाड्यापाशी यायचं, एक चिंचोका हंडीत टाकायचा, आणि परत जाऊन बसायचं. एका वेळी एकानेच पुढे यायचं, गडबड नको. हंडीशेजारी वही घेऊन ती स्वतः.

पहाटे मंडपात सातआठच माणसं होती. काय झकास चाललं म्हणून सांगू! समयांचा उजेड, धुक्यात अर्धी बुडालेली माणसं, मधूनच कुणी अलगद उठून यायचं, हंडीत टण्ण करून आवाज व्हायचा, आणि परत ते धुक्यात जायचं. हिमानी रेघ ओढायची. आत्ता, या घडीला, एकशे सहा. या घडीला, एकशे सात. कित्येक दिवसांनी तिच्या मानेवरचा ताण उतरला. डोळे मिटले तरी तिला आकडा दिसत होता.

नऊ वाजता चाळीसच्या चाळीस माणसं आली.

सव्वानऊला हंडीपुढे चौघं उभी होती. साडेनऊला अकरा.

“हळू, हळू. एकेकाने,” हिमानी म्हणाली.

“एकेकानेच येतोय गं बाई,” अंबूताई म्हणाली. ती रांगेत सातवी होती. “एवढ्या वेळात माझ्या दोन माळा झाल्या असत्या. मी नाम घ्यायला आलेय की रॉकेलला?”

“उभ्या उभ्या घ्या नाम,” विसूभाऊ मागून म्हणाले.

“उभ्या उभ्या घेतलं तर त्या माळेचा पण चिंचोका टाकायला लागेल. मग परत रांगेच्या शेवटी जाऊ?”

विसूभाऊंनी विचार केला. “नियमाने तसंच होतं खरं.”

“जळला तुमचा नियम!”

पुढे दोन हात एकदम हंडीत गेले. एक चिंचोका काठावर आपटून खाली पडला आणि घरंगळला. आता तो कुणाचा? तिघं वाकून धुक्यात चाचपडायला लागले. रांग जागच्या जागी. कुणी कुजबुजत होतं, कुणी जांभया देत होतं, कुणी पुढच्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत होतं. हिमानी वहीत मान घालून बसली होती. तीनशे अकरा. आकडा बिनचूक होता.

मंडपातला घुमारा बारीक होत होत जवळजवळ थांबला होता, ते तिला कळलंही नाही.

बुवा आले.

त्यांनी परातीतला एक चिंचोका उचलला आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

“सर, तुम्ही कशाला? द्या इकडे, मी टाकते.”

“नको. येईल माझी पाळी.”

त्यांच्यापुढे चौदा माणसं होती. बुवा पायांवर भार बदलत उभे राहिले. ऐंशीला टेकलेला माणूस तो, गुडघे कुरकुरणारच. हिमानीने दोनदा वर बघितलं. दोनदाही बुवा तिच्याकडे बघत नव्हते, पुढच्याच्या पाठीकडे बघत होते. शेवटी त्यांची पाळी आली. टण्ण.

“किती झाले?” बुवांनी विचारलं.

“तीनशे सव्वीस.”

“अगदी?”

“अगदी.”

“शाब्बास.” बुवा कोनाड्याला टेकले. “आणि मी रांगेत होतो तेवढ्यात माझं नाम किती झालं असेल?”

हिमानीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने मंडपाकडे पाहिलं. चटया रिकाम्या होत्या. चाळीस चटयांवर मोजून पाच माणसं; बाकीची रांगेत, नाहीतर रांगेभोवती गप्पा मारत.

“…काहीच नाही,” ती म्हणाली.

“हं.”

“सर…”

पण सर गेले होते, वाती वळायला.

*

ती तिथेच बसून राहिली. चौसष्ट थ्रेड. एक आकडा. एकाने हात लावला की बाकीचे खोळंबणार. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ऑफिसात शेजारी बसणाऱ्या इब्राहिमने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, ‘प्रत्येक थ्रेडला त्याचा स्वतःचा आकडा दे. त्याने आपल्यापुरतं मोजावं. बेरीज आपण अधूनमधून करू.’ हिमानीने ते उडवून लावलं होतं. अशाने मधल्या घडीचा आकडा खरा नसतो. अंदाजानेच चालायचं तर मोजायचं कशाला? असं चारचौघांत म्हणाली होती, वर हसलीही होती. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली.

तिने हंडी उचलून आत ठेवली.

“बसा हो सगळे जागेवर,” ती म्हणाली. “उठू नका. चिंचोके मी देते.”

मठात ताम्हनं निघाली वीस. दोघांत एक ठेवलं. डावीकडे याचे चिंचोके, उजवीकडे त्याचे, मध्ये फुलाची एक पाकळी. पाच मिनिटं बरी गेली. मग अंबूताईने ताम्हन आपल्याकडे ओढलं, चिंचोका टाकला. विसूभाऊंनी ते परत आपल्याकडे ओढलं. तिने परत ओढलं.

“अहो, माझे तुमच्यात मिसळतायत!”

“मी कुठे हात लावतोय तुमच्यांना? ताम्हन ओढल्याशिवाय माझे मला गवसत नाहीत.”

“तुमचं पोट सरकवा जरा, गवसतील!”

वीसच्या वीस ताम्हनं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सरकत होती. ढीग वेगळे, पण भांडं एक. हिमानी बघतच राहिली. आणि तिला हसू फुटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. कारण इब्राहिमने हेही सांगितलं होतं, की आकडे नुसते वेगळे करून भागत नाही, एकमेकांपासून लांबही ठेवावे लागतात. एका ताटात ठेवले तर ते ताटच ओढाओढीत सापडतं.

ती स्वयंपाकघराच्या मागे गेली. कोकणातला मठ, तिथे करवंट्यांना काय तोटा? चाळीस निवडल्या, धुतल्या, पुसल्या आणि एकेकाच्या गुडघ्यापाशी एकेक ठेवली.

“आपली माळ, आपली करवंटी,” ती म्हणाली. “दुसऱ्याकडे बघायचं नाही.”

“दुसऱ्याकडे बघण्यासारखं आहे काय इथे?” अंबूताई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

हळूहळू घुमारा परत आला. आधी भिंतीकडून, मग खांबांमधून, मग सगळीकडून. बोटं माळेवर चालत होती, ती थांबतही नव्हती. मधूनच एखादा हात न बघता खाली जायचा, करवंटीत टक्क व्हायचं, आणि हात परत माळेवर. मोजलं हे त्या हातालाही कळत नसेल.

*

दुपारी जेवणं झाली. उन्हाचे पट्टे गजांमधून आत उतरले. काही माणसं पेंगत होती, पेंगता पेंगता त्यांचे मणी सरकत होते. हिमानी वही घेऊन निघाली, अनवाणी, पाय न वाजवता. पहिली करवंटी, नऊ. दुसरी, बारा. अंबूताईची, एकवीस. विसूभाऊंची, आठ, आणि ते चक्क घोरत होते.

ती चाळिसाव्या करवंटीपाशी पोचली. बेरीज केली. चारशे सदतीस.

टक्क.

मागे, पहिल्या करवंटीत.

ती परत गेली. पहिलीत आता दहा. खोडून दहा लिहिले. तोवर तिकडे तिसरीत टक्क. तिसरीकडे गेली तर खिडकीपाशी दोन टक्क एकदम. ती खिडकीकडे वळली. खांबांच्या सावल्या, धुपाचा वास, चाळीस ओठ हलताहेत, आणि आकडा तिच्यापुढे दोन पावलं चाललाय. ती वळली की तोही वळतोय. तिने तीन फेऱ्या घातल्या. चौथ्या फेरीत आपण किती वेळ चालतोय हेच तिला समजेना. उभ्या उभ्या झोप लागली असेल, असंही तिला वाटून गेलं. ती मंडपाच्या मधोमध थांबली. चहूबाजूंनी टक्क, टक्क, कुठे लांब, कुठे जवळ.

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. बुवा तिथे होतेच. खाडी खाली उन्हात पडली होती.

“सर, हा आकडा खोटा आहे,” हिमानी म्हणाली.

“का बरं?”

“मी शेवटच्यापाशी पोचते तोवर पहिला पुढे गेलेला असतो. हा आकडा कुठल्याच घडीचा नाही. तेवढे कधी झालेच नव्हते, कदाचित.”

“चिंचोका हरवला एखादा?”

“नाही.”

“कुणाचा दुसऱ्याच्यात पडला?”

“नाही.”

“दोनदा मोजलास?”

“नाही हो. सगळे ज्याच्या त्याच्या करवंटीत आहेत.”

“मग?”

हिमानीने वही मिटली. खाडीवरून एक होडी सावकाश पलीकडे गेली.

“…उशिरा कळतात,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“मला.”

“हं,” बुवा म्हणाले.

*

रविवारी जेवणं झाल्यावर ती निघायला तयार झाली. दुपारची बस होती. पाठीला पिशवी लावून ती बुवांपुढे बसली आणि भडाभडा बोलायला लागली. हात हलवून, बोटांवर मोजून. चौसष्ट थ्रेड, चौसष्ट आकडे, प्रत्येक आकडा दुसऱ्यापासून लांब, एका ताटात दोघं नाहीत. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. आपण दर सेकंदाला एक फेरी मारायची आणि बेरीज मांडायची. फोन अडकणार नाहीत. हरवला तर त्याच्या करवंटीत दिसेल. मोजणी काढायला नको. इब्राहिमला तिने सकाळीच फोन करून सगळं कबूल केलं होतं, माफीही मागितली होती. तो म्हणाला, सोमवारी सकाळपर्यंत दोघं मिळून बसवू. वरिष्ठही तयार झाले होते. सुटलंच म्हणायचं.

“छान,” बुवा म्हणाले.

“हो ना.”

“मग रडतेस का?”

हिमानीने गालाला हात लावला. ओला होता.

“मला… मला ते ‘सुमारे’ सोसत नाही, सर.” ती म्हणाली. “फेरी मारून आणलेला आकडा शेवटी सुमारेच. उद्या कुणी विचारलं, आत्ता नक्की किती, तर मला सांगता येणार नाही.”

“कोण विचारणार?”

तिने पिशवीचा पट्टा मुठीत धरला.

“दिवाळीत फोन हरवले ना,” ती म्हणाली, “त्यानंतर चौकशी बसली. मला बोलावलं. मी सांगितलं, जवळजवळ सगळे फोन घेतले गेले होते. खरंच होतं ते. शेकड्याला नव्याण्णवच्या वर. तिथे कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. टोपी मांडीवर. ते उठले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. मला ताई म्हणाले. म्हणाले, ‘ताई, त्या जवळजवळच्या बाहेर आमची ही होती.’”

आत घुमारा चालू होता.

“तेवढंच बोलले आणि खाली बसले. त्याच आठवड्यात मी मोजणी लिहायला घेतली. म्हटलं, यापुढे एकही सुटणार नाही. एकूण एक मोजीन. कुणी विचारलं की त्याच घडीला तोंडावर आकडा सांगीन.” तिने नाक पुसलं. “तो फोन मला पाठ आहे, सर. भाऊबीजेची संध्याकाळ. सहा वाजून सतरा मिनिटं, नऊ सेकंद. त्या दिवसाचा चार हजार दोनशे अकरावा. एकोणिसाव्या थ्रेडने धरला. बाविसाव्या सेकंदाला सुटला. गाडी साडेतीन किलोमीटरवर होती, रिकामी. सगळं पाठ आहे मला.”

बुवांचा हात गोमुखीत होता. त्यांनी तो बाहेर काढला, माळ आतच राहू दिली, आणि गोमुखी बाजूला ठेवली.

“नाव काय त्यांचं?”

“कुणाचं? त्या गृहस्थांचं?”

“त्या बाईंचं.”

हिमानीने तोंड उघडलं.

“…फाइलमध्ये होतं,” ती म्हणाली. “वाचलं होतं मी. पहिल्याच पानावर होतं.”

बुवा तिच्याकडे बघत राहिले.

“वयाच्या वर. पत्त्याच्या… सर, वाचलं होतं मी. देवाशप्पथ वाचलं होतं.”

तिने डोळे मिटले. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा एकदा. पिशवीचा पट्टा तिच्या खांद्यावरून घसरला तो तिने सावरला नाही.

“सर, बस…”

“आठव, पोरी,” बुवा म्हणाले. “मी थांबतो.”